मावशीची तीन नावं आणि सरकारचा संगणक

फोंड्याच्या माझ्या मावशीला सरकारदरबारी तीन नावं आहेत. जन्माच्या पोर्तुगीजकालीन नोंदीत ती केणी, पण रोमन लिपीत 'क्यू'ने सुरू होऊन 'एम'वर संपणारी केणी. लग्न झालं तेव्हा आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं, आमच्याकडे तशीच पद्धत होती. ती नाईक झाली. लग्नाच्या नोंदीत हे नाईक 'क्यू-यू-ई'ने संपतं. आधार कार्डावर तेच नाईक साध्या 'के'ने संपतं. घरात तिला सगळे एकाच नावाने हाक मारतात, ते मात्र कुठल्याच कागदावर नाही.

गेल्या वर्षी तिच्या एका दाखल्यासाठी मी ऑनलाइन अर्ज केला. कुठल्या कार्यालयात ते राहू दे. फॉर्म भरला, कागद स्कॅन करून चढवले, फी यूपीआयने भरली, सगळं अर्ध्या तासात झालं. मावशीने कौतुकाने चहा केला. आठवड्याने मोबाइलवर संदेश आला: नावात तफावत, मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, झेरॉक्स, आणि एकूण चार खेपा. शेवटच्या खेपेला काउंटरवरचा माणूस सहानुभूतीने म्हणाला, "सिस्टीम घेत नाही हो."

ही 'सिस्टीम' काय घेते आणि काय घेत नाही, ते समजलं की डिजिटल प्रशासन या भारदस्त शब्दामागचं बरंचसं कोडं सुटतं.

सरकारी कार्यालयाचे दोन भाग धरा. पुढे खिडकी, जिथे आपण उभे राहतो. मागे आतली खोली, जिथे फायली, रजिस्टरं आणि कपाटं असतात. गेल्या वीसेक वर्षांत देशभर आधी सुधारली ती खिडकी. गोव्यात 'गोवा ऑनलाइन' पोर्टल आलं, तिथे दाखल्यांचे अर्ज होतात, बिलं भरता येतात. हा बदल लहान नाही. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाला एका कागदासाठी पणजीची कदंब बस पकडावी लागायची, तो दिवस वाचला. अर्जाला क्रमांक मिळाला, तारीख मिळाली, पैशाची पावती मिळाली. "तुमचा अर्ज आलाच नाही" हे वाक्य म्हणायची सोय संपली.

तारखेला महत्त्व आहे, कारण गोव्यात २०१३ सालचा कालबद्ध सेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायच्या, नाही दिल्या तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कागदी जमान्यात हे दिवस कधीपासून मोजायचे यावरच वाद व्हायचा. संगणकात घड्याळ आपोआप सुरू होतं. अर्थात घड्याळ हुशार असलं तरी त्याच्याभोवतीची माणसंही हुशार असतात. मुदत संपत आली की अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवायचा, म्हणजे नवा अर्ज, नवं घड्याळ. ज्या प्रणालीत परत पाठवलेला अर्ज 'निकाली' मोजला जातो, तिथे आकडे झकास दिसतात आणि माणूस खेपा घालत राहतो.

दाखल्यावरच्या डिजिटल सहीबद्दलही लोकांत गैरसमज असतो. ती सहीचा स्कॅन केलेला फोटो नव्हे. संगणक दाखल्याच्या संपूर्ण मजकुराचा एक गणिती ठसा काढतो. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. हा ठसा अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद होतो. ती किल्ली पेनड्राइव्हसारख्या एका उपकरणात असते, त्याला कार्यालयात 'डोंगल' म्हणतात. उघडायची किल्ली मात्र जाहीर असते, त्यामुळे दाखला खरा की खोटा हे कुणीही तपासू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालापासून अशा सहीला शाईच्या सहीइतकाच मान दिला आहे. म्हणून डिजिटल सहीच्या दाखल्याची झेरॉक्स काढून तिच्यावर 'सत्यप्रत' शिक्का मारून मागणं हा निव्वळ विनोद आहे. झेरॉक्समध्ये ती सही उरतच नाही, उरतं तिचं चित्र.

मधला शिपाई

आता आतल्या खोलीकडे वळू. गोव्यात सरकारी नोकरीसाठी लागणारा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला सगळ्यांना माहीत आहे. त्याला पुरावे म्हणून काय काय जोडतात? जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, विजेचं बिल. यातले जवळजवळ सगळे कागद सरकारी यंत्रणेनेच तयार केलेले. म्हणजे सरकारच्या एका खात्याकडे असलेली माहिती आपण पैसे मोजून मिळवायची, स्कॅन करायची आणि दुसऱ्या खात्याला नेऊन द्यायची. दोन खात्यांमधला बिनपगारी शिपाई म्हणजे नागरिक. पोर्टल आल्यावर या शिपायाला सायकलऐवजी इंटरनेट मिळालं. काम तेच राहिलं.

खरा बदल कशात आहे, हे पाहायला एस्टोनिया हे उदाहरण आपल्याला चपखल बसतं, कारण तो देश जवळपास आपल्याच मापाचा आहे. लोकसंख्या साधारण १३ लाख. २०११च्या जनगणनेत गोव्याची होती १४.५८ लाख. एस्टोनियाने २००१ साली 'एक्स-रोड' नावाची व्यवस्था सुरू केली. तिची कल्पना अगदी साधी आहे. सगळी माहिती एका अवाढव्य कोठारात ओतायची नाही. जन्माची नोंद जन्मखात्याकडेच राहील, वाहनाची वाहनखात्याकडेच. दोन खात्यांच्या संगणकांमध्ये एक सुरक्षित रस्ता बांधायचा आणि त्यावरून फक्त प्रश्न आणि उत्तर जाऊ द्यायचं. "ही व्यक्ती १८ वर्षांवरची आहे का?" "हो." बस्स. कोणी कोणाला काय विचारलं याची नोंद राहते आणि आपली माहिती कोणत्या कार्यालयाने पाहिली हे तिथला नागरिक स्वतः तपासू शकतो. शिवाय एका खात्याकडे असलेलीच माहिती गोळा करायला दुसऱ्या खात्याने वेगळा साठा उभारायचा नाही, असा तिथे कायदाच आहे.

आपल्याकडे याच दिशेने पावलं पडली आहेत. २०१५ साली डिजिलॉकर आलं. त्यातलं ड्रायव्हिंग लायसन्स तुम्ही फोटो काढून चढवलेलं नसतं, ते थेट वाहतूक खात्याच्या नोंदीतून आलेलं असतं, म्हणूनच ते मूळ कागदाइतकं ग्राह्य आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हा एकच कागद पुरेल. ती मुलं मोठी होतील तेव्हा त्यांचं बरं चालेल. आमच्या मावशीचा जन्म १९६१च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या आधीचा आहे.

तिच्यापाशी येऊन सगळी गाडी अडते, कारण रस्ता बांधला तरी दोन्ही टोकांना उभी असलेली व्यक्ती एकच आहे हे संगणकाला कळायला हवं. आपल्याला 'के'वाला नाईक आणि 'क्यू-यू-ई'वाला नाईक एकच आहेत हे बघताक्षणी कळतं. संगणक मात्र एकेक अक्षर ताडून बघतो. चार अक्षरांऐवजी सहा निघाली की त्याच्या लेखी माणूस वेगळा. गोव्यात तर हा घोळ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. प्रभूंचे पोरोब झाले, कामतांचे कामोतीं झाले, शेणव्यांचे सिनाय झाले. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळ्या स्पेलिंगची असतात. गावांचंही तेच: डिचोलीचं इंग्रजीत बिचोली, साखळीचं सांकेली, केप्याचं क्वेपे. मुक्तीनंतर शाळामास्तरांनी कानाला लागलं तसं लिहिलं, मतदार यादीवाल्याने त्याच्या कानाला लागलं तसं. म्हणून मामलेदार कार्यालयात नावातल्या फरकाचा स्वतंत्र दाखला मिळतो, त्याला आम्ही सरळ 'डायव्हर्जन्स' म्हणतो. नावात फरक पडला तरी माणूस एकच आहे, हे सांगणारा सरकारी कागद! परक्या प्रांतातल्या मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

यावर तांत्रिक उपाय आहेत. अक्षरांऐवजी उच्चार जुळवून पाहणाऱ्या पद्धती आहेत. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, गाव असे चार धागे एकत्र धरून 'हे दोघे बहुधा एकच' असा अंदाज बांधता येतो. पण त्या 'बहुधा'वर कुणाची पेन्शन थांबवायची नाही. संगणकाने जोड्या सुचवायच्या आणि तलाठ्याने किंवा पंचायत सचिवाने, जो त्या घराला ओळखतो, एकदाच शिक्कामोर्तब करायचं. 'एकदाच' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मावशीने आजवर डायव्हर्जन्स तीनदा काढला आहे. दर वेळी तो ज्या फायलीला जोडला, तिथेच राहिला. तो मूळ नोंदीला चिकटला असता तर पुढचा प्रत्येक अर्ज सरळ गेला असता. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. एका खात्याने केलेली दुरुस्ती दुसऱ्याने मान्य करायची, एवढा एक सरकारी आदेश पुरतो.

जुन्या नोंदी संगणकात टाकल्या की त्या आपोआप खऱ्या होत नाहीत, हा धडा गोव्याला जमिनीच्या बाबतीत महागात शिकायला मिळाला. आपला 'एक-चौदा'चा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, आता घरबसल्या पाहता येतो. तो १९६८च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या सर्वेक्षणातून आला. त्यामागे मात्र पोर्तुगीज काळातली कागदपत्रं आहेत, मोडी वळणाच्या हस्ताक्षरांपासून लिस्बनी थाटाच्या करारांपर्यंत. परदेशी गेलेल्या किंवा वारस नसलेल्या लोकांच्या जमिनी बनावट कागद करून हडपल्याची प्रकरणं बाहेर आली तेव्हा सरकारने २०२२ साली विशेष तपास पथक नेमलं, शिवाय निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. खोटा कागद एकदा नोंदीत शिरला की संगणक तो तितक्याच सुबक अक्षरांत छापून देतो, उलट त्याला जास्त वजन येतं. ऑनलाइन उताऱ्याचा एक फायदा मात्र याच गोष्टीत आहे: लंडनला बसलेला वारस अधूनमधून आपल्या जमिनीवर कुणाचं नाव चढलंय का हे बघू शकतो. ज्यांची भाटं, म्हणजे बागायती, आहेत त्यांनी तो बघावा, फुकट आहे.

रस्त्याखाली काय आहे

खात्यांनी एकमेकांशी न बोलण्याची किंमत पणजीकरांनी तर पायांनी मोजली आहे. केंद्राची स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली, १०० शहरं निवडायची होती. पणजीचा नंबर २०१६ साली लागला आणि 'इमॅजिन पणजी' ही कंपनी स्थापन झाली. पुढे मलनिस्सारण, गटारं, केबल, रस्ते अशी कामं एकदम निघाली आणि शहर वर्षानुवर्षं खणलेलं राहिलं. धूळ इतकी, की २०२४ साली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर फिरून कामांची पाहणी केली.

रस्ता परत परत का खणावा लागतो? पाणी, मलनिस्सारण, वीज, दूरध्वनी आणि इंटरनेटच्या केबली, पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं, हे सगळं एकाच रस्त्याखालून जातं, पण प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या खात्यात. काही तर नकाशातही नाहीत, जुन्या लाइनमनच्या डोक्यात आहेत. तो निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त.

इथे 'जीआयएस' नावाचं तंत्र उपयोगी पडतं. पूर्वी ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायचे, एकावर एक ठेवले की खालचं वरून दिसायचं. जीआयएस म्हणजे संगणकातले तसेच ट्रेसिंग पेपर. एका थरावर जलवाहिन्या, दुसऱ्यावर वीज, तिसऱ्यावर घरं, चौथ्यावर जमिनीचा उतार. खणण्याआधी चारही थर एकत्र बघा, म्हणजे केबलवाल्याचा जेसीबी जलवाहिनीत घुसत नाही. केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप काढलं तेही याचसाठी. खणणाऱ्याने आधी कळवायचं, ज्याची लाइन खाली आहे त्याला सूचना जाते.

ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की वाहिनी आराखड्यात जिथे दाखवलेली असते तिथे ती प्रत्यक्षात नसते. खणताना दगड लागला, मुकादमाने हातभर बाजूने नेली, कागदावर रेघ तशीच. म्हणून खड्डा बुजवण्याच्या आधी, वाहिनी उघडी असताना तिची जागा आणि खोली मोजून नकाशात घालणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि तेच कंत्राटात शेवटच्या ओळीत असतं. ठेकेदाराचं शेवटचं बिल या नोंदीशिवाय काढायचं नाही, असं झालं तर पुढच्या पिढीची खणाखणी निम्म्याने कमी होईल असं माझं मत आहे.

हेच थर पावसाळ्यात कामी येऊ शकतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मांडवीला भरती असताना मुसळधार लागली की पणजीच्या सखल भागातलं पाणी जाणार कुठे? भरतीचं वेळापत्रक आधीपासून ठाऊक असतं, पावसाचा अंदाज असतो, उताराचा नकाशा असतो. तिन्ही एकत्र आले तर पणजीतल्या '१८ जून' नावाच्या रस्त्यावरच्या दुकानदाराला सकाळीच सांगता येईल की दुपारी माल वरच्या फळीवर ठेवा.

स्मार्ट सिटी म्हटलं की वर्तमानपत्रांत छापून येतो तो मोठ्या पडद्यांचा नियंत्रण कक्ष. देशातल्या १००च्या १०० स्मार्ट शहरांत असे कक्ष झाले. मेरशीच्या चौकात २०२३ साली कॅमेऱ्यांनी आपोआप चलन धाडायला सुरुवात झाली, हेल्मेटं वाढली. बरं आहे. पण पडदा फक्त दाखवतो. खड्डा बुजवायचा अधिकार आणि पैसा ज्याच्याकडे आहे तो पडद्यासमोर बसलेला नसेल, तर तो कक्ष म्हणजे महागडा सिनेमा.

आणि दाखवायचं काय, हेही कोणीतरी ठरवतं. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं, ग्रामीण भागातल्या सुमारे २.६३ लाख घरांना नळजोडणी. ही कामगिरी खोटी नाही. पण मोजलं गेलं ते नळ आहे का. एप्रिल-मे महिन्यात त्या नळाला किती तास पाणी येतं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या बाईसाठी तोच खरा प्रश्न आहे. जलवाहिनीत दाब मोजणारे छोटे संवेदक बसवले आणि त्यांचे आकडे वाड्यावाड्याप्रमाणे जाहीर केले, तर पंच आणि आमदार दोघांचीही ग्रामसभेत जरा पंचाईत होईल. असे आकडे सहसा जाहीर का होत नाहीत, ते मग वेगळं सांगायला नको.

शहर कुणाचं?

गोव्यापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. २०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त. पण महानगरपालिका एकच, पणजीची. नगरपालिका १३. बाकी १९१ पंचायती. ताळगावात इमारतींचं जंगल आहे, कारभार पंचायतीचा. पर्वरी तर शहरच म्हणायचं, पण सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर दु मुंद अशा पंचायतींत वाटलेलं. कचऱ्याची गाडी हद्दीवर थांबते, कचरा थांबत नाही. अशा ठिकाणी 'शहरासाठी' केलेलं सॉफ्टवेअर नगरपालिकेच्या वेशीवर संपतं आणि गर्दी पुढे सुरू होते. मला वाटतं, गोव्याने शहर आणि गाव असे वेगळे डोलारे उभारण्याऐवजी १२ तालुक्यांचं मिळून एकच शहर समजून घरपट्टी, कचरा, बांधकाम परवाने एका प्रणालीत आणावेत. राज्य एवढंसं आहे, हा इथे दोष नाही, भांडवल आहे.

सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे हे गृहीतही जरा तपासावं. २०२० साली करोनाकाळात सत्तरी-सांग्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढत होती. शिवाय राजभाषा कायदा १९८७चा, त्यात कोंकणी राजभाषा आणि मराठीच्या वापराचीही तरतूद. अर्जाचे रकाने मात्र बहुतेक इंग्रजीत. त्यामुळे तिंट्यावरचा, म्हणजे बाजारातला, झेरॉक्सवाला हा आज गोव्याच्या डिजिटल प्रशासनाचा आधारस्तंभ आहे. त्याच्याकडे सगळ्या गावाचे ओटीपी येतात आणि सगळ्या गावाची आधार कार्डं त्याच्या संगणकावर पडलेली असतात. तो भला माणूस असतो म्हणून बरं. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती आणि उद्देशाच्या मोठ्या गोष्टी आहेत, पण त्या दुकानातला 'डेस्कटॉप' कोण साफ करणार? २०२० पासून स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रमात सरकारी अधिकारी 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून पंचायतींत जाऊ लागले. पंचायतीतच बसून अर्ज भरून देणारा, माहिती स्वतःपाशी न ठेवणारा, पगारी माणूस ही कल्पना कुठल्याही अ‍ॅपइतकीच महत्त्वाची आहे.

मावशीचा दाखला शेवटी आला. डिजिटल सही, कोपऱ्यात क्यूआर कोड, मोबाइल धरला की हिरवी खूण. नाव 'के'वाल्या नाईकचं. तिने तो देवघराशेजारच्या कपाटात, त्या तीन डायव्हर्जन्सच्या वर ठेवला.

आता तिच्या डोक्यात पुढची तारीख आहे. दरमहा पैसे देणाऱ्या योजना वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागतात. राज्यातल्या प्रत्येक मृत्यूची नोंद सरकारच करतं, त्यामुळे कोण गेलं हे सरकारला ठाऊक असायला हवं. उरले ते हयात. पण मृत्यूच्या नोंदीतलं नाव आणि योजनेच्या यादीतलं नाव जुळेलच याची खात्री कुणालाच नाही. केंद्राने २०१४ साली 'जीवन प्रमाण' आणलं, बोटाचा ठसा किंवा आता चेहरा दाखवून घरूनच हयाती सांगता येते. मावशीच्या बोटांचे ठसे नारळ सोलून सोलून पुसले गेले आहेत. चेहऱ्याचं करून बघू, म्हटलं. तिने पदर सारखा केला, खिडकीपाशी उजेडात बसली आणि विचारलं, "हांव जिवी आसां हें ताका कित्याक सांगचें? तो पळयता न्हू?" (मी जिवंत आहे हे त्याला कशाला सांगायचं? तो बघतोय ना?)